प्रकोपापूर्वींची चाहूल

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या घरीं जो प्रसंग ओढवला, तो चारचौघांत सांगावा असा नव्हे; कारण त्यांत दोषाचा मोठा वांटा आमच्याकडेच येतो. तथापि एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या वाचकांस त्यांतून कांहीं घेण्याजोगें सांपडेल, तर आमच्या संकोचापेक्षां त्यांचें हित मोठें, असें समजून लिहीत आहों.

आमच्या थोरल्या वहिनी ७३ वर्षांच्या आहेत. लग्न होऊन आल्यापासून घरांत गॅस येईपर्यंत, म्हणजे जवळजवळ २० वर्षें, दहाबारा माणसांचा स्वयंपाक त्यांनीं चुलीवर केला. स्वयंपाकघरास खिडकी एकच, आणि तीहि पावसाळ्यांत बंद. आम्ही भाऊभाऊ गरम पोळ्या खात होतों, आणि त्या धूर गिळीत होत्या. तंबाखूस त्यांनीं कधीं स्पर्श केला नाहीं. म्हणून डॉक्टरांनीं 'सीओपीडी' असें निदान केलें, तेव्हां तें आम्हांस पटेना. या विकारांत श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात, फुप्फुसांची शक्ति हळूहळू खालावते, व गेलेली शक्ति परत येत नाहीं. हा रोग धूम्रपान करणारांचाच, अशी आमची समजूत. लाकडें व गोवऱ्या यांचा कोंडलेला धूरहि तोच रोग उत्पन्न करतो, हें आम्हांस फार उशिरां कळलें.

डॉक्टरांनीं वहिनींना दोन पंप दिले होते. पहिला साल्ब्युटामॉलचा, दम लागला कीं घ्यावयाचा. तो कांहीं मिनिटांत नलिका सैल करतो, पण त्याचा अंमल चार ते सहा तासच टिकतो. दुसरा रोज सकाळ-संध्याकाळ घ्यावयाचा. त्यांत अधिक काळ टिकणारें औषध व नलिकांची सूज कमी करणारें स्टेरॉइड असतें. पहिल्याचा गुण तत्काळ जाणवतो. दुसऱ्याचा मोठा गुण असा कीं, रोग एकाएकीं उसळण्याचे प्रसंग त्यानें कमी होतात. न घडलेल्या गोष्टीचें मोल मात्र माणसास कळत नाहीं.

दिवाळीनंतर एके दिवशीं वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, आतां मला पुष्कळ बरें वाटतें. रोजचा पंप कशाला ओढायचा? संवय लागेल म्हणतात."

आम्हीं मोठ्या शहाणपणानें उत्तर दिलें, "खरें आहे, वहिनी. तुम्हांला दम लागेल तेव्हां दुसरा पंप आहेच." घरांत आमचा शब्द मोडण्याची चाल नाहीं. रोजचा पंप कपाटांत गेला.

तीनचार आठवड्यांनीं घरांत सर्दीची सांथ आली. मुलें दोन दिवसांत बरीं झालीं. वहिनींची सर्दी छातींत उतरली. पांचव्या रात्रीं त्यांना वाक्य पुरें करवेना, ओंठ निळसर झाले, आणि बोलण्यांत असंबद्धपणा येऊं लागला. रुग्णालयांत नेल्यावर त्यांना प्राणवायु लावला, तोहि बेतानें. अशा रोग्यांच्या रक्तांतील प्राणवायूचें प्रमाण बहुधा ८८ ते ९२ टक्क्यांच्या दरम्यान राखतात. त्याहून अधिक दिल्यास कित्येकांच्या शरीरांत कार्बन डायॉक्साइड सांचून अपाय होतो, असें तेथें समजलें.

तेथील डॉक्टरांनीं विचारलें, "कफाचा रंग केव्हां बदलला?" सूनबाई म्हणाली, "तीन दिवस झाले; पिंवळा-हिरवा पडत होता." नातू म्हणाला, "आजी रात्रीं तीन उशा घेऊन बसूनच झोपत होती." पुतण्या म्हणाला, "निळा पंप चारदां लागत होता, तो दहादां लागूं लागला." आणि त्या जिना चढतांना दोनदां थांबत, हें आम्हीं स्वतः पाहिलें होतें. प्रत्येकास एकएक खूण ठाऊक होती. चारी एकत्र कोणींच केल्या नाहींत. घरांत माणसें पुष्कळ असलीं म्हणजे रोग्याकडे लक्ष पुष्कळ असतें, हा आमचा भ्रम त्या ओसरींत फिटला.

सुश्रुतानें दोषांच्या सहा अवस्था सांगितल्या आहेत. त्यांत पहिली संचय आणि दुसरी प्रकोप. तो दोषविचार निराळा व आजचें श्वसनशास्त्र निराळें; दोहोंची सांगड घालण्याचा आमचा आग्रह नाहीं. पण प्रकोपाच्या आधीं संचय असतो, हें आम्हीं वर्षानुवर्षें शिकविलें, आणि आपल्याच घरांत तें ओळखूं शकलों नाहीं.

वहिनी नऊ दिवसांनीं घरीं आल्या. परंतु पूर्वींच्या वहिनी परत आल्या नाहींत. अंगणांतल्या तुळशीपर्यंत जातांना त्यांना आतां टेकावें लागतें. शिवाय ज्यास असा प्रकोप एकदां झाला, त्यास तो पुन्हा होण्याचा संभव अधिक असतो.

रुग्णालयांतील परिचारिकेनें त्यांना पंप घेण्यास सांगितलें, तेव्हां आणखी एक गोष्ट उघड झाली. वहिनी आधीं दाबीत आणि मग श्वास ओढीत. औषध घशांतच राही. आधीं पंप हलवावा, श्वास पूर्ण सोडावा, मग दाबतांच सावकाश व खोल श्वास घ्यावा, आणि सुमारें दहा सेकंद तो रोखावा. हातास तें साधत नसेल, तर मध्यें स्पेसरची नळी लावावी. स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरावी. पुडीचें यंत्र असेल तर रीत उलट: त्यांत श्वास जोरानें ओढावा लागतो. पंप संपला कीं नाहीं, हें डबी पाण्यांत तरंगवून आम्ही ठरवीत होतों. तेंहि विश्वसनीय नव्हे. फवारे मोजावेत हें बरें.

आतां स्वयंपाकघराच्या दाराशीं एक वही टांगली आहे. कफाचा रंग, रात्रींच्या उशा, निळ्या पंपाचे फवारे, जिन्यावरील थांबे, ज्यास जें दिसेल तें त्यानें लिहावें, असा नियम केला आहे. दोन खुणा वाढल्या कीं त्याच दिवशीं डॉक्टरांस कळवितों. फ्लू व न्यूमोनिया यांच्या लसी डॉक्टरांच्या सल्ल्यानें देवविल्या. रोजचा पंप चालू आहे. स्टेरॉइड प्रत्येकास लागतेंच असें नाहीं, पण तें बंद करावें कीं नाहीं हें डॉक्टरांनीं ठरवावयाचें, दिरानें नव्हे.

परवां आम्हीं वहिनींजवळ आपली चूक कबूल केली. त्या हंसून म्हणाल्या, "भाऊजी, वहींत आजचें लिहिलेंत का?" आम्हीं उठून लिहिलें. वाचकांच्या घरीं असा रोगी असेल, तर त्यांनींहि आजच एक वही घालावी, एवढ्यासाठींच हा लेखनप्रपंच.