सेवा आणि मजुरी

दसरा उलटला की धारूरच्या घाटात ऊसतोड कामगारांच्या वाहनांची रीघ लागते. भांडीकुंडी, सरपण आणि त्यांवर बसलेली लेकरे. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल फेडावयास हे कोयते साखर कारखान्यांच्या मुलखात जातात ते उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. घरी उरतात म्हातारी माणसे आणि काही शाळकरी मुले.

या मागे उरलेल्यांची खबर गावातली अंगणवाडी सेविका घेते, आशाताई घेते. लेकरांचे वजन, लसीकरण, गरोदर बाईची तपासणी. कोवळ्या मुलीच्या लग्नाची कुणकुणही त्यांनाच आधी लागते.

गेल्या वर्षी या तालुक्यातील एक गृहस्थ बारावी झालेल्या लेकीस घेऊन आमच्याकडे आले. ‘‘फादर, गावच्या अंगणवाडीत जागा निघाली आहे. ही नोकरी समजावी का?’’ आम्ही म्हणालो, ‘‘ही सेवा आहे. पैशाकडे पाहू नये.’’ ते नम्रपणे म्हणाले, ‘‘फादर, सेवेवर वाणी उधार देत नाही.’’

आम्ही निरुत्तर झालो. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली ‘रेरूम नोव्हारूम’ या परिपत्रकात न्याय्य मजुरीचा पुरस्कार केला. सेमिनरीत त्यावर आम्ही पानेच्या पाने लिहिली होती. बाप दारात उभा राहिला तेव्हा त्यातले काही आठवले नाही!

अंगणवाडी योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, तरी सेविकेस मिळते ते वेतन नव्हे, मानधन. सेविका व मदतनीस ग्रॅच्युइटीस पात्र आहेत, हा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय यावयास २०२२ साल उजाडले. ‘सेवा’ या पवित्र शब्दाआड आपण किती देणी लपविली!

मग मुलींना या वाटेवरून परतवावे काय? मुळीच नाही. अनुभवी सेविकेस पुढे पर्यवेक्षिका होता येते. समाजकार्याची पदवी घेतल्यास बालसंरक्षण, रुग्णालये, स्वयंसेवी संस्था यांची दारे उघडतात. मुंबईत १९३६ पासून टाटा संस्था आणि १९५५ पासून धर्मभगिनींनी स्थापिलेले निर्मला निकेतन हे शिक्षण देत आले आहे. मात्र यातील पुष्कळ जागा कंत्राटी असतात, हेही मुलींना सांगावयास हवे.

आम्ही त्या मुलीस म्हणालो, ‘‘अर्ज कर. मन लावून काम कर, आणि हक्काचे मागताना संकोचू नकोस.’’

ती दोघे गेल्यावर आमच्याच वसतिगृहाची पगारवही उघडली. स्वयंपाकीणबाईंच्या नावापुढील आकडा चार वर्षे तोच होता.