चार इंचांचा बांध
(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घरात टेबल नव्हते. हे वाक्य मी काही दुःखाने लिहीत नाही. घरात पाट होता, पोळपाट होता, लोखंडी कपाट होते, देव्हारा होता. टेबल तेवढे नव्हते. गंमत अशी की माझे वडील गेली चोवीस वर्षे टेबलांवरच आमचे पोट भरत आहेत. ते पॉलिशवाले. लोकांच्या घरांतली टेबले, कपाटे, दारे काचकागदाने घासायची आणि त्यांना चमक आणायची, हा त्यांचा धंदा. पूर्वी स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडी लाख असायची, आता बहुतेक ठिकाणी मेलामाईन असते. संध्याकाळी बाबा जिना चढू लागले की त्यांच्या आधी तो वास घरात येतो. पवई, वर्सोवा, लोखंडवाला... किती मुलांची अभ्यासाची टेबले त्यांच्या हाताखालून गेली असतील, देव जाणे!

आम्ही अंधेरी पूर्वेला पुनर्वसनाच्या इमारतीत राहतो. घर 225 चौरस फुटांचे. मोरी, संडास आणि ओटा त्यातच. माणसे पाच. आई, बाबा, आजी, धाकटा भाऊ आणि मी. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा मी चौदा वर्षांची होते. एका मोबाईलवर दोघा भावंडांचे वर्ग चालत. मी जिन्याच्या वळणावर बसून भूमिती शिकले. येणारेजाणारे मला ओलांडून जात आणि "अभ्यास चाललाय वाटतं!" असे म्हणत. दहावी झाली, बारावी झाली, आमच्या घराण्यातले पहिले पाऊल कॉलेजात पडले. प्रकल्प आणि निबंध टाइप करून द्यायचे दिवस आले, तेव्हा शिकवण्यांच्या पैशांत बाबांनी भर घातली आणि एक जुना कॉम्प्युटर घ्यायचे ठरले.

तो आम्ही लॅमिंग्टन रोडवरून आणला. त्या रस्त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण 1903 ते 1907 या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेले लॉर्ड लॅमिंग्टन लोकांच्या तोंडून काही उतरत नाहीत. ग्रँट रोडहून धीम्या लोकलने मी आणि बाबा पडदा व खोके मांडीवर घेऊन आलो. घरी आणल्यावर तो ठेवायचा कुठे? जमिनीवर ठेवला. मी पाटावर बसून, मान खाली घालून टाइप करायची. चार दिवसांत मान धरली, आठव्या दिवशी भावाच्या हातून कीबोर्डवर पाणी सांडले. टेबल हवे हे ठरले. दुकानातले टेबल आमच्या दारातून आत आले असते, पण मग आम्हाला बाहेर जावे लागले असते. तेव्हा ते आपणच करायचे!

मी आलेखाची वही काढली. बाबांच्या पिशवीतला टेप घेतला. सुतारांचे माप इंच आणि सुतांत चालते, हे मला तेव्हा कळले. आठ सूत म्हणजे एक इंच; पाऊण इंची प्लाय म्हणजे सहा सूत. लिहायचे टेबल साधारण 30 इंच उंच असते. मी मात्र टायपिंगच्या क्लासमध्ये जाऊन तिथल्या जुन्या, टाइपरायटरच्या वेळच्या टेबलांना टेप लावला. ती भरली 26 इंच! कारण साधे आहे. लिहिताना हात टेबलावर टेकतो, टाइप करताना तो टेबलावर तरंगतो. कोपर काटकोनात राहिले नाही तर खांदे वर चढतात आणि मान दुखते. घडीच्या खुर्चीवर बसून भावाकडून मी माझे कोपर मोजून घेतले. बरोबर 26.

मग घराचा नकाशा काढला. दार, खिडकी, ओटा, कपाट, देव्हारा, विजेचा पॉइंट, सगळे मापाने. खिडकीजवळची सात फुटांची भिंत मोकळी सापडली. तिथे तीन फूट रुंद आणि 22 इंच खोल टेबल मी ऐटीत काढले. चार पाय, एक खण, पुस्तकांना कप्पासुद्धा. रात्री बाबा जेवून बसले, तेव्हा वही त्यांच्यापुढे धरली. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ पाहिले आणि हळूच विचारले, "ह्यात आई कुठं हाय गं?"

मला प्रश्नच कळला नाही. मग कळला. त्या भिंतीशी रोज रात्री आजीची पथारी पडते. साडेपाच फूट लांब, अडीच फूट रुंद. दिवसा ती गुंडाळून कपाटावर जाते, म्हणून मोजताना ती भिंत मला मोकळी दिसली. कपाट मोजले, देव्हारा मोजला, विजेचा पॉइंटसुद्धा मोजला. आणि जिच्या कुशीत निजून मी लहानाची मोठी झाले, ती आजी माझ्या नकाशात नव्हती! आजी समोरच लसूण सोलत बसली होती. ती काही बोलली नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही.

बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रात आपण सर्वांनी वाचले आहे. परळच्या चाळीतल्या एका खोलीत सारे कुटुंब राहत होते. अभ्यासाला जागा नव्हती. म्हणून वडील, रामजी, मुलाला लवकर झोपवीत, स्वतः जागे राहत आणि रात्री दोन वाजता, सगळे निजलेले असताना, त्याला अभ्यासाला उठवीत. शाळेत हा प्रसंग वाचताना मला त्यातली मुलाची जिद्द दिसली होती. आता मला त्या खोलीत दोन वाजेपर्यंत बसलेले वडील दिसू लागले. एकाला जागा मिळते तेव्हा ती कुणीतरी दिलेली असते. याच मुलाने पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधले, तेव्हा त्यात पुस्तकांना केवढी जागा ठेवली!

सकाळी मी नवा नकाशा काढला. पहिल्यांदा काढली साडेपाच बाय अडीचची चौकट आणि तिच्यात लिहिले ‘आजी’. मग टेबल. आता ते दिवसा उघडायचे आणि रात्री भिंतीला टेकून खाली पडायचे, असे ठरले. बाबांनी कामावरून मालकाला विचारून उरलेल्या प्लायचा तुकडा आणला. प्लायमध्ये लाकडाचे पातळ थर एकमेकांना आडवे चिकटवतात. एकाचे तंतू उभे तर पुढच्याचे आडवे. म्हणून तो फळीसारखा सहजासहजी वाकत किंवा चिरत नाही, हे बाबांनी तुकड्याची कड दाखवून समजावले. मी भिंतीत भोके पाडली, गिट्ट्या ठोकल्या, दोन घडीचे ब्रॅकेट लावले. आई टॉर्च धरून उभी होती. भोक पाडायचे मशीन माझ्या हातात पाहून शेजारच्या मावशींनी, "मुलीच्या जातीला हे बरं दिसतं का?" म्हणून विचारले. आजी म्हणाली, "मुलीच्या जातीला मान दुखलेली बरी दिसती व्हय?"

तीन दिवस टेबल टिकले. चौथ्या दिवशी मी कोपर टेकून विचार करत असताना ते धाडकन खाली आले, सोबत प्लॅस्टरचा ढलपाही. नशीब, पडदा वर वेगळ्या फळीवर होता!

खालच्या मजल्यावर एक सुतारकाका राहतात. त्यांनी भोक पाहिले आणि हसले. वजन भिंतीपासून जितके लांब, तितका वरचा स्क्रू बाहेर ओढला जातो. आमची भिंत चार इंची, वर भुसभुशीत प्लॅस्टर; ती किती धरणार? "पोरी, वजन भिंतीवर टांगू नकोस. जमिनीवर उतरव," ते म्हणाले. त्यांनी खडूने लादीवर आकृती काढली. भिंतीलगत सागाचे दोन खांब, जमिनीवर टेकलेले. त्यांवर एक अरुंद पट्टी पक्की. पट्टीला लांब बिजागरीने पाट जोडायचा. आणि दोन्ही खांबांना खिडकीच्या झडपेसारखी एकेक चौकट. चौकटी बाहेर फिरवल्या की पाटाचे पाय, आत फिरवल्या की पाट खाली. उत्तम! पण त्या चौकटी मिटून बसायला पट्टीखाली जागा हवी. किती? चार इंच. म्हणजे आजीची पथारी भिंतीपासून चार इंच सरकणार.

चार इंच म्हणजे काय, असे कुणी म्हणेल. पण पथारी सरकली की तिच्या शेजारचा भाऊ सरकतो, भाऊ सरकला की मी, आणि माझे पाय ओट्याखाली जातात. मी आजीला विचारायला गेले. शब्द जुळेनात. आजी माण तालुक्यातली. भावाभावांत वीतभर बांधासाठी कोर्टकचेऱ्या झालेल्या तिने पाहिल्या आहेत. ती म्हणाली, "बांध कोरायला आलीस व्हय माझा?" मी मान खाली घातली. तिने टेप मागितला, तिला आकडे वाचता येत नाहीत, तरी जमिनीवर धरायला लावला, बोटाने अंतर पाहिले आणि म्हणाली, "चार बोटं तर हायेत. घे. पर एक बोट जास्त घेतलंस तर पंचायत बोलवीन!"

जुने सागवान ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारातून आणले, एका मोडलेल्या चौकटीचे. कापणे, जोडणे सुतारकाकांच्या देखरेखीखाली मी केले. एक चौकट दोन सूत आखूड झाली. तिच्या पायाला रबर लावले आहे. वरची फळी मुद्दाम आजीच्या पायांकडच्या टोकाला घेतली, उठताना तिच्या डोक्याला लागू नये म्हणून. पाट 18 इंच, पट्टी चार इंच, मिळून 22. पाट खाली पडला की जमिनीपासून आठ इंच वर राहतो. एकूण खर्च 2,340 रुपये, खुर्ची धरून.

शेवटी पॉलिश. रविवार होता. बाबा दुसऱ्याच्या घरी करतात तसेच सगळे करू लागले. आधी 120 नंबरचा कागद, मग 180, मग 320. प्रत्येक वेळी तळहात फिरवून पाहायचे. "कुणाला दिसणाराय एवढं?" मी म्हटले. ते घासतच राहिले. या घरात त्यांनी पॉलिश केलेली ही पहिलीच वस्तू, हे माझ्या उशिरा लक्षात आले. संपल्यावर त्यांनी पाटावर हात ठेवला आणि विचारले, "आता ह्यावर काय लिवतीस, ते दाखव."

म्हणून हा लेख. त्याच पाटावर टाइप केला आहे. बाबांना वाचून दाखवला. ‘पॉलिशवाले’ हा शब्द राहू दे म्हणाले. पहिला नकाशा मी फाडला नाही, दुसऱ्याच्या मागे वहीत तसाच ठेवला आहे. आणखी दोन ओळी लिहायच्या होत्या, पण अकरा वाजत आले. आजी पथारी काखेत घेऊन मागे उभी आहे. पाट पाडायला हवा.