अब्बांची फियाट

कोल्हापुरात तिला पद्मिनी म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. कागदोपत्री नाव ‘प्रीमियर पद्मिनी’ असेल, पण मालकापासून मिस्त्रीपर्यंत सगळ्यांच्या तोंडी ती फियाटच. आमच्या गल्लीतली पोरं तिला ‘चाचांची फियाट’ म्हणायची आणि आम्ही भावंडं ‘अब्बांची फियाट’. खरं म्हणजे ती अब्बांची कधीच नव्हती. ती एका फौंड्रीच्या नावावर होती आणि अब्बा तिचे ड्रायव्हर होते. पण लहानपणी एवढा फरक कुणाला कळतो?

ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांना जहाजं, विमानं आणि मोटारी या तिन्ही गोष्टी हिंदुस्थानात व्हाव्यात असा ध्यास होता. त्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. तिचा कारखाना मुंबईत कुर्ल्याला होता. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला आणि तिच्या गाड्या कुर्ल्यात बनू लागल्या. १९७४ पासून त्याच गाडीला ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव मिळालं. तेव्हा गाडी घ्यायची म्हणजे पैसे भरून नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. रस्त्यावर ॲम्बेसेडर आणि फियाट याच दोन गाड्या जास्त दिसत. सरकारी साहेब ॲम्बेसेडरमधून उतरायचा. डॉक्टर, वकील, लहान कारखानदार फियाटमधून. एकच गाडी दिवसा कंपनीची आणि संध्याकाळनंतर घरची असायची.

आमच्या मालकांची फियाट १९८२ साली आली. त्याच साली अब्बा त्यांच्याकडे कामाला लागले. त्याआधी त्यांच्याकडे एक जुनी फियाट होती, पुढून तोंड काढलेली. अशा गाडीला लोक ‘डुक्कर फियाट’ म्हणत. अब्बांनी घरी येऊन हे नाव सांगितलं तेव्हा दादीने कपाळावर हात मारला. “मैं नै बैठती उस डुक्करमें. लोगां क्या बोलेंगे?” अब्बांनी समजावलं, ती गेली, आता नवी आली. तरी दादीने गाडीभोवती एक फेरी मारली, पुढचं तोंड नीट निरखलं आणि मगच आत पाय ठेवला. ही गोष्ट आमच्याकडे प्रत्येक ईदला कुणी ना कुणी सांगतंच आणि दरवेळी सगळे नव्याने हसतात.

गाडीला गिअर स्टिअरिंगखाली होता. त्यामुळे पुढची सीट सोफ्यासारखी एकसंध, तिघं आरामात बसावीत अशी. थंडीत सकाळी चोक ओढल्याशिवाय ती बोलायची नाही. उन्हाळ्यात निपाणीकडून तवंदी घाट चढताना पेट्रोल पंपापर्यंत येऊन वाफ धरायचं आणि गाडी धापा टाकत थांबायची. अब्बा बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं गुंडाळायचे, बिडी ओढेपर्यंत थांबायचे आणि पुन्हा चावी फिरवायचे. कार्बोरेटरचा जेट तोंडाने फुंकणं, पॉइंट पॉलिश पेपरने घासणं ही कामं ते स्वतः करत. एखादा भाग मिळाला नाही तर शिवाजी उद्यमनगरात लेथवर करून घेत. कोल्हापूरला यात नवल नाही. या गावाने ऑईल इंजिनं केली, त्याला फियाटची बुशिंग काय मोठी! अब्बा चौथी शिकलेले. पण बॉनेट उघडून ते नुसते कान देऊन उभे राहिले की गॅरेजवाले मिस्त्रीसुद्धा गप्प होत.

मालक त्या गाडीत मागे क्वचित बसले. पुढे, अब्बांच्या शेजारी बसायचे. एका सीटवर बसलेली दोन माणसं रोज तास-दोन तास एकत्र जातात, तेव्हा त्यांच्यात काहीतरी तयार होतंच. मालक अब्बांना ‘भाई’ म्हणायचे. भट्टीचा हप्ता थकला, पोराचं मन धंद्यात नाही, हे अब्बांना मालकीणबाईंच्या आधी कळायचं. ईदला आम्हां भावंडांना कपडे यायचे, दिवाळीला फराळाचा डबा. आणि अडीअडचणीला गाडी. दादीचं डोळ्याचं ऑपरेशन मिरजेला झालं, तिला नेलं-आणलं फियाटने. बाजीची वरात तिच्यातून निघाली. मीरासाहेबांच्या उरुसाला मिरजेला जाताना आम्ही नऊजण तिच्यात बसलो होतो, पुढे चार आणि मागे पाच. शेजारीपाजारी दारात उभे राहून बघायचे. त्या दिवसांत गरिबी होती, पण आम्हाला तिची आठवणसुद्धा राहायची नाही.

नव्वदच्या दशकात कागलच्या माळावर नवी औद्योगिक वसाहत उभी राहू लागली. जमीन कागल आणि हातकणंगले अशा दोन तालुक्यांतली, आणि नाव पंचतारांकित. मालकांनी तिथे प्लॉट घेतला. दादीने विचारलं, “कौनसा होटल निकालरैं तुमारे मालक?” अब्बा म्हणाले, “होटल नै अम्मा, फौंड्रीच.” “फिर पाच तारे कायके?” याचं उत्तर आमच्यात कुणाजवळ नव्हतं. मी पहिल्यांदा ती जागा पाहिली ती भूमिपूजनाच्या दिवशी. पुणे-बंगळूर हायवेने उजळाईवाडी, गोकुळ शिरगाव मागे टाकून लक्ष्मी टेकडीपाशी गाडी आत वळली. रुंद नवे रस्ते, खुणेचे दगड, वारा आणि कुसळं. सावलीला एक झाड नाही. सावली काय ती फियाटची. तिच्या आडोशाला बसून आम्ही नारळाचा प्रसाद खाल्ला. परतताना मालक म्हणाले, “भाई, जरा कागलला चला, गैबीला नारळ देऊन येऊ.” गैबी पीर म्हणजे कागलचं ग्रामदैवतच. तिथे कोण कुठल्या जातीचा हे कुणी विचारत नाही. मालकांनी आणि अब्बांनी शेजारी उभं राहून माथा टेकला.

पुढची काही वर्षं फियाट रोज कोल्हापूर ते पंचतारांकित धावली. मालक २००१ साली वारले. कुर्ल्यात फियाट बनणंही त्याच सुमारास संपलं. धाकट्या मालकांनी नवी गाडी घेतली, एसीवाली. तिच्या पुढच्या दोन सीट सुट्या होत्या आणि धाकटे मालक मागे बसायचे. दोष द्यावा असं त्यात काही नाही, त्यांना मागे बसून फोनवर बोलायचं असे. पण अब्बांचं काम एकदम कमी झालं. नव्या गाडीचं बॉनेट उघडायचं नाही, काही झालं तर सर्व्हिस सेंटरला फोन करायचा, अशी ताकीद होती. वीस वर्षं कान देऊन इंजिन ओळखणाऱ्या माणसाने आता फक्त काच पुसायची. फियाट फौंड्रीच्या मागच्या शेडमध्ये उभी राहिली. अब्बा जेवणाच्या सुट्टीत जाऊन तिला एकदा स्टार्ट करत.

२००४ साली ती भंगारात गेली, अकरा हजार रुपयांना. त्याच महिन्यात अब्बांना ‘आता विश्रांती घ्या’ असं सांगण्यात आलं. वय चौपन्न. एक शाल, एक श्रीफळ, एक फेटा आणि पाकिटात पाच हजार एक रुपये. अब्बांनी पाकीट अम्मीच्या हातात दिलं आणि फेटा खुंटीला लावला. पुढे काही वर्षं त्यांनी भाड्याची रिक्षा चालवली.

तोपर्यंत मी बी.कॉम. होऊन नोकरीला लागले होते. योगायोग असा की त्याच पंचतारांकित एमआयडीसीत, दुसऱ्या एका कारखान्यात, हिशेब खात्यात. दर मार्चअखेरीला मी तिथे गाड्यांचा घसारा काढते. ज्यांना हा शब्द माहीत नसेल त्यांना सांगते. कंपनीची वस्तू वापराने झिजते, तिची किंमत दरवर्षी थोडी कमी धरायची, याला घसारा म्हणतात. आयकराच्या हिशेबात मोटारगाडीला सध्या शंभराला पंधरा. पुढच्या वर्षी उरलेल्या पंच्याऐंशीवर पुन्हा पंधरा टक्के, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा उरलेल्यावर. या पद्धतीची गंमत अशी की गाडी कितीही जुनी होवो, आकडा लहान होत जातो, पण शून्य कधी होत नाही. गाडी विकेपर्यंत वहीत तिची काही ना काही किंमत राहते.

हे शिकताना मला एक दिवस प्रश्न पडला. फियाटची झीज बावीस वर्षं लिहिली गेली, मग अब्बांची कुठे लिहिली? घरी येऊन विचारलं तेव्हा कळलं, अब्बा कधी मस्टरवर नव्हतेच. गाडी कंपनीच्या नावावर, पेट्रोल कंपनीच्या खर्चात, आणि अब्बा घरखात्यावर. त्यांचा पगार मालकांच्या घरच्या खर्चातून यायचा. पीएफ नाही, ईएसआय नाही. तेव्हाच्या १९७२ च्या कायद्याने कामगाराला दर पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराएवढी ग्रॅच्युइटी मिळायची. महिन्याचे दिवस सव्वीस धरायचे. अब्बांचा शेवटचा पगार ३,९०० रुपये, म्हणजे दिवसाला दीडशे. वर्षं बावीस, दिवस तीनशे तीस. एकोणपन्नास हजार पाचशे रुपये. हा हिशेब करायला मला एक मिनिटही लागलं नाही.

पुरावा नव्हता असंही नाही. फियाटची लॉगबुकं होती. तारीख, कुठून कुठे, किलोमीटर, पेट्रोल, आणि शेवटी ड्रायव्हरची सही. कंपनीच्या छापील वह्या, बावीस वर्षांच्या. फौंड्रीचं जुनं ऑफिस साफ करताना त्या रद्दीत निघाल्या, तेव्हा अब्बांनी त्या मागून घरी आणल्या होत्या. प्रत्येक पानावर त्यांची सही, चौथी पास माणसाची, सुटी सुटी अक्षरं. ओळखीच्या वकिलाला दाखवल्या तर ते म्हणाले, दावा करून बघता येईल.

अब्बा म्हणाले, “नको.”

मी कारण विचारलं. त्यांनी एक वही उघडून माझ्यापुढे धरली. ‘मिरज, घरगुती’. खाली किलोमीटर, आणि ‘पेट्रोल स्वतः’. आम्ही नऊजण गेलो होतो तो दिवस. बाजीच्या लग्नाचा दिवसही होता, दादीच्या ऑपरेशनचाही. अब्बांनी एकही फेरी लपवलेली नव्हती. म्हणाले, “ये भी उसमेंच हैं. मालकने कभी नै नै बोला. अब उनके पीछे मैं कचेरीमें जाके क्या बताऊँ?”

त्या रात्री मी सगळ्या वह्या चाळल्या. घरगुती फेऱ्या मोजल्या. बावीस वर्षांत सत्तेचाळीस. त्यांतल्या बहुतेक फेऱ्यांचं पेट्रोल अब्बांनी घातलेलं. एका बाजूला सत्तेचाळीस दिवस, दुसऱ्या बाजूला तीनशे तीस दिवसांचा पगार. हिशेब म्हणून हे जुळत नाही, कितीही मायेने बघितलं तरी जुळत नाही. मालक वाईट नव्हते, हे मी आजही म्हणेन. आमच्या घरात त्यांचं नाव आदराने घेतात. पण हक्काचं जे द्यायचं ते राहून गेलं आणि मेहेरबानीने जे दिलं ते आम्ही आयुष्यभर लक्षात ठेवलं. मेहेरबानी डोळ्यांना दिसते, वरातीत सजून दारात येते. हक्काचं न मिळालेलं कुणाला दिसत नाही. अब्बांना मी हे बोलून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि वह्या कापडात बांधून पुन्हा पेटीत ठेवल्या. दावा केला नाही.

मुंबईतली शेवटची नोंद झालेली पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ची, ताडदेवच्या आरटीओतली. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत असते, ती २०२३ च्या ऑक्टोबरअखेर भरली. वर्तमानपत्रांत फोटो आले, लोकांनी आठवणी काढल्या, एखादी टॅक्सी संग्रहालयात जपून ठेवावी अशी मागणीही झाली. मी ती बातमी अब्बांना वाचून दाखवली. त्यांची नजर आता मंद झाली आहे. बातमीत टॅक्सीवाल्याचं नाव आलं तसं ते थांबवून म्हणाले, “फिरसे पढ.” मी पुन्हा वाचलं. ते म्हणाले, “इसकी गाडी इसके नाव पर थी.” एवढंच बोलले.

आमच्या कारखान्यात आता पाच गाड्या आहेत. ड्रायव्हर ठेकेदाराकडून येतात. महिन्याच्या बिलात त्यांची एकच ओळ असते, ‘ड्रायव्हर सेवा’, आणि पुढे रक्कम. गेल्या मार्चपासून त्या बिलासोबत मी नावांची यादी आणि पीएफ भरल्याचं चलन मागून घेते. ठेकेदाराने पहिल्यांदा कुरकुर केली, मग पाठवू लागला. पाच नावं आहेत. गाड्यांचा घसारा काढून झाला की मी ती यादी चलनाशी ताडून बघते आणि मगच बिलावर सही करते.