काकांचे १५ वॅट

गिटारसाठी व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर कोणता घ्यावा, हे मी एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाला विचारलं. गिटार त्यांनी आयुष्यात कधी हातात धरली नव्हती. पण माझ्या कानांवर सगळ्यात मोठं ऋण आहे ते त्यांचंच.

आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. पुण्यात बुधवार पेठेत, तपकीर गल्लीपासून हाकेच्या अंतरावर, एका वाड्याच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुकान होतं. मर्फी, बुश, फिलिप्सचे जुने रेडिओ, रेडिओग्राम, गणेशोत्सव जवळ आला की मंडळांचे अ‍ॅम्प्लिफायर. ट्रान्झिस्टर आले, बरोबरीचे दुरुस्तीवाले आधी टीव्हीकडे आणि मग मोबाइलकडे वळले. काका व्हॉल्व्हपाशीच राहिले. आता काका नाहीत, वाडाही पाडला.

तेव्हा मी रोज रात्री घरी वाजवायचो आणि अधूनमधून चौघाजणांबरोबर एखाद्या कॅफेत. एकाच अ‍ॅम्पवर दोन्ही भागवायचं होतं. काकांनी किंमत विचारली नाही, कंपनी विचारली नाही. "खोली केवढी? खालच्या मजल्यावर कोण राहतं? तुमचा ड्रमवाला काठ्यांनी वाजवतो की ब्रशने? गाणारी मुलगी माइकवर गाते ना?" सगळी उत्तरं ऐकून घेतली आणि कॅलेंडरच्या पानामागे पेन्सिलीने आकडे मांडायला बसले.

ते आकडे मला अजून पाठ आहेत. गिटारचा चांगला १२ इंची स्पीकर एका वॅटवर, एक मीटर अंतरावर, ९८ डेसिबलच्या आसपास आवाज देतो. वॅट दुप्पट केले की त्यात फक्त ३ डेसिबलची भर पडते. कानाला आवाज दुप्पट वाटायचा तर वॅट दहापट लागतात. आणि निवासी भागात कायद्याने दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, रात्री दहानंतर ४५. "बघ," काका म्हणाले, "५ वॅटचा घेतलास तरी तो तुझ्या फ्लॅटमध्ये पूर्ण उघडता येणार नाही. मग घरासाठी म्हणून वॅट कशाला कमी करतोस? वॅट ठरव ड्रमवाल्याकडे बघून. घरासाठी एवढंच बघ, की आवाज बारीक केल्यावर तो मरत तर नाही ना."

घरासाठी पाच, स्टेजसाठी पन्नास, असं सरसकट सांगितलं जातं. काकांच्या हिशेबात दोन्ही बसत नव्हते. ५ वॅटचा अ‍ॅम्प काठ्यांच्या ड्रमसमोर स्वच्छ राहत नाही, त्याच्यावर ताण येऊन आवाज फाटायला लागतो. पन्नासाचा कॅफेत कधी एकच्या आकड्यापुढे जात नाही. मधला पट्टा १२ ते २२ वॅटचा, आणि हॉल मोठा असेल तर अ‍ॅम्पसमोर माइक लावायचा.

त्या पट्ट्यातले तीन मी कागदावर लिहून नेले होते. फेंडरचा प्रिन्स्टन रिव्हर्ब, १२ वॅटचा. त्यांचाच डीलक्स रिव्हर्ब, २२ वॅटचा. आणि व्हॉक्सचा एसी१५. नावांवरून काकांची नजर सरकली आणि व्हॉल्व्हच्या आकड्यांवर थांबली. "ईएल८४! अरे, हा तर आपल्या घरातला." फिलिप्सने हा व्हॉल्व्ह काढला तोच घरगुती रेडिओ आणि रेडिओग्रामसाठी. काकांनी तो आयुष्यभर बदलला होता. इंग्लंडमध्ये १९५८ साली व्हॉक्सने असे दोन व्हॉल्व्ह घेऊन एसी१५ बांधला. पुढे 'द शॅडोज' या बँडच्या मैफिलीत पोरापोरींच्या किंकाळ्यांमध्ये गिटार बुडायला लागली, म्हणून चार व्हॉल्व्हचा एसी३० आला. १९६५मध्ये न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्सपाशी १०० वॅटचे अ‍ॅम्प होते, तरी तिथल्या कल्लोळात ते अपुरे पडले. हे मी सांगत होतो आणि काका लहान मुलासारखे ऐकत होते. "म्हणजे श्रोते वाढले तसे वॅट वाढले. तुझ्यासमोर किती बसतात?" चाळीस-पन्नास, मी म्हटलं. "मग १९५८च बरं."

प्रिन्स्टन न्यू जर्सीहून मावसभाऊ आणणार होता. काकांनी तो मागे ठेवला. तिथला अ‍ॅम्प १२० व्होल्टवर चालतो. इकडे २३० व्होल्ट उतरवायला वेगळा ट्रान्सफॉर्मर लागतो, तोही प्रत्येक ठिकाणी उचलून न्यायचा. शिवाय तिकडे विजेची वारंवारता ६० हर्ट्‌झ, आपल्याकडे ५०. साठाच्या हिशेबाने बांधलेला ट्रान्सफॉर्मर पन्नासावर जास्त तापतो. डीलक्सबद्दल त्यांचं म्हणणं वेगळं होतं. त्याचे आउटपुट व्हॉल्व्ह बदलले की बायस, म्हणजे व्हॉल्व्हमधला स्थिर करंट, जुळवावा लागतो, आणि ते काम जाणणारा माणूस पुढे सापडेल का? एसी१५मध्ये कॅथोडमधला रेझिस्टर ते आपोआप सांभाळतो. "मी काही कायमचा नाही," हे ते कामाच्या सुरातच म्हणाले, आणि एसी१५च्या नावाखाली रेघ ओढली.

अ‍ॅम्प घ्यायला ते माझ्याबरोबर मुंबईला आले. दुकानात गिटार लगेच जोडू दिली नाही. आधी सगळी बटणं शून्यावर ठेवून अ‍ॅम्प चालू केला आणि स्पीकरला कान लावून घरघर ऐकली. मग व्हॉल्यूम थोडा उघडून मागून एकेका व्हॉल्व्हवर पेन्सिलीच्या रबराने हलकेच टिचकी मारली. एक छोटा व्हॉल्व्ह, ईसीसी८३, स्पीकरमधून घंटेसारखा वाजला. तो दुकानदाराकडून तिथल्या तिथे बदलून घेतला. त्यानंतर मला म्हणाले, "आता एकच स्वर दे आणि विझेपर्यंत हात लावू नकोस."

आवाज चढवल्यावर त्यांनी सा आणि प एकत्र वाजवायला लावले. अ‍ॅम्प भरून आला, खालून कुणीतरी तिसरा स्वर धरल्यासारखा. मग त्यातच गांधार घालायला सांगितला, आणि आवाज गढूळ झाला. सवाई गंधर्व महोत्सव वर्षानुवर्षं मांडीवर ताल धरून ऐकलेला तो माणूस. त्यांनी मला त्या दुकानात उभ्या उभ्या समजावलं. व्हॉल्व्ह ताणला की प्रत्येक स्वरावर वरचे स्वर उगवतात. दुपटीचा म्हणजे वरचा सा, तिपटीचा म्हणजे त्याच्यावरचा प, पाचपटीचा म्हणजे ग, तानपुऱ्यातून ऐकू येतो तोच. दोन स्वर एकदम दिले तर व्हॉल्व्ह त्यांची वजाबाकीही करतो. सा आणि प यांचं प्रमाण दोनास तीन. वजाबाकी एक, म्हणजे बरोबर खालचा सा. पण गिटारचा गांधार पडद्यांच्या वाटणीमुळे किंचित चढा असतो. त्याची वजाबाकी खालच्या सा-वर नेमकी बसत नाही, शेजारी पडते. रॉक वाजवणारे दोन स्वरांचे कॉर्ड का धरतात, याचं उत्तर मला वर्षानुवर्षं कुणी दिलं नव्हतं. भरल्या आवाजात तीन-चार स्वरांचा कॉर्ड हवा असेल तर व्हॉल्यूम गिटारवरूनच उतरवायचा आणि अ‍ॅम्प स्वच्छ करून घ्यायचा, हा माझा हात त्या दिवशी घडला.

अ‍ॅम्प २२ किलोच्या आसपास भरतो. तो काकांच्या टेबलावर ठेवून आम्ही एकदा मागून उघडला. काकांचा डावा हात पाठीमागे होता. उघड्या यंत्रात दोन्ही हात घातले तर करंट छातीतून जातो, हे त्यांच्या पिढीच्या अंगात मुरलेलं होतं. आत ३०० व्होल्ट खेळतात, आणि प्लग काढला तरी कंडेन्सर ते धरून बसतात. म्हणून आतला हात त्यांचा, माझा नाही, हे त्यांनी ठरवून टाकलं. मला दोन गोष्टी पाळायला सांगितल्या. स्पीकरची वायर जोडल्याशिवाय अ‍ॅम्प कधी चालू करायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. आणि वाजवून झालं की गरम व्हॉल्व्ह आदळत न्यायचे नाहीत. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेले ईसीसी८३ त्यांच्या खोक्यात शिल्लक होते. त्यातले चांगले निवडून मला दिले. आता नवे घ्यायचे तर ते स्लोव्हाकियाहून, रशियातून नाहीतर चीनमधून येतात.

पैशांचं विचारलं तेव्हा म्हणाले, "रेडिओचं बिल करतो मी. हा रेडिओ नाही." एकदा ऐकायला बोलाव, एवढंच मागितलं.

कॅफेत ते लवकर आले. मी अ‍ॅम्प जमिनीवर ठेवला होता, तो त्यांनी मालकाकडून खुर्ची मागून तिच्यावर चढवला आणि मागे कलता केला. १२ इंची स्पीकरचा तीक्ष्ण आवाज सरळ रेषेत जातो. जमिनीवर ठेवला की तो समोरच्याच्या तोंडावर येतो आणि वाजवणाऱ्याच्या गुडघ्याशी राहतो. मग वाजवणारा ट्रेबल वाढवत बसतो. मंडळांच्या कर्ण्यांमध्ये आयुष्य गेलेल्या माणसाला हे बघूनच कळत होतं. पहिल्या गाण्यानंतर त्यांनी मागच्या बाकावरून हाताने खूण केली, आणखी उतरव. उतरवल्यावर गाणाऱ्या मुलीचे शब्द तिथपर्यंत पोचायला लागले.

आता कुठेही वाजवायला गेलो की आधी खुर्ची मागून घेतो. ड्रमवाल्याला सुरू करायला सांगतो, मग माइक, आणि सगळ्यात शेवटी माझा आवाज उघडतो. तिच्या शब्दांच्या खाली बसला की तिथेच थांबतो.