मोकळ्या चित्रातली गोष्ट

नाशिकची थंडी आपल्याला दोन खुणांनी कळते. एक खूण गुडघ्यांत असते आणि दुसरी वर्तमानपत्रात. निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा किती उतरला, हे वाचून शाल थोडी घट्ट ओढायची, हा पौषातला घरोघरचा क्रम. पारा पाच अंशांखाली गेला की द्राक्षबागांत रात्रभर शेकोट्या पेटतात आणि वृद्धांच्या घरांत काळजी वाढते. पण या थंडीचे एक देणेही आहे. ते डोळ्यांसाठी आहे. ज्या घरात विसरू लागलेले माणूस आहे, त्या घराला ते फार उपयोगी पडते, असा माझा तीन हिवाळ्यांचा अनुभव आहे. तोच आज आपल्यापुढे ठेवते.

निरभ्र रात्री जमीन आपली ऊब आकाशाला देऊन टाकते. गार, जड झालेली हवा नदीच्या सखल पात्राकडे उतरते आणि पाण्यावरच्या ओलाव्याचे सूक्ष्म थेंब होऊन धुके दाटते. गंगापूर धरणाच्या जलाशयावर, गोदेच्या काठाने, किंवा गोदावरी आणि कादवा जिथे भेटतात त्या नांदूरमध्यमेश्वरच्या पाणथळीवर अशा सकाळी गेलात, तर रोजचा पसारा दिसेनासा होतो. विजेच्या तारा, फलक, पलीकडच्या इमारती सारे पुसले जाते. उरते बांधावरची एक बाभूळ, पाण्यातला एक बगळा, काठाला टेकलेली एक होडी. चौकटीत एखादीच वस्तू आणि भोवती पुष्कळ मोकळी जागा, अशा छायाचित्रांना मिनिमलिस्ट म्हणतात. मायकेल केन्ना या इंग्रज छायाचित्रकाराने जपानच्या होक्काइडो बेटावर बर्फातली एकटी झाडे आणि कुंपणे टिपून या प्रकाराला मोठी ओळख मिळवून दिली. आपल्याकडे बर्फ नाही, ते काम धुके करते. आणि ही दृष्टी आपल्याला परकी मुळीच नाही. सारवलेल्या अंगणात मधोमध काढलेली चार ठिपक्यांची रांगोळी आठवा. तिची शोभा भोवतीच्या मोकळ्या अंगणामुळेच असते.

मोजक्या सामग्रीतून गोष्ट उभी राहते, याचा दाखला तर आपल्याच जिल्ह्यातल्या माणसाने दिला आहे. १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके चित्रपटांकडे वळण्यापूर्वी छायाचित्रकार होते. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, १९१२ च्या सुमारास, त्यांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि रोज थोडे थोडे चित्रण करत अंकुर वाढताना दाखवला. ना नट, ना महाल. एक कुंडी आणि एक रोप. तरीही पाहणाऱ्याला पुढे काय होणार याची उत्सुकता लागली. गोष्टीला गर्दी लागत नाही, पाहणाऱ्याला शिरायला जागा लागते.

ही जागा आजारी माणसाला किती मोलाची असते, ते मी घरी पाहिले. माझ्या सासूबाई ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. चार वर्षांपूर्वी त्यांना स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया, असल्याचे निदान झाले. घरी येणारे सगेसोयरे प्रेमानेच जुना अल्बम उघडतात आणि विचारतात, ‘‘ओळखा बरं, हे कोण?’’ त्यांच्यासाठी ती परीक्षा असते. उत्तर येत नाही, एवढे त्यांना पक्के कळते. मग त्या अल्बम मिटतात आणि संध्याकाळपर्यंत कोणाशी बोलत नाहीत.

एका जानेवारीत मी सहज मोबाइलवर टिपलेले एक छायाचित्र मोठे छापून आणले. पांढरे धुके, खाली बांधाची काळी रेघ आणि उजवीकडे एकटी बाभूळ. त्यात ओळखण्यासारखे कोणी नव्हते, म्हणून चुकण्यासारखेही काही नव्हते. मी ते त्यांच्यापुढे ठेवून विचारले, ‘‘आई, इथं काय चाललंय?’’

बराच वेळ त्या पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘पाणी द्यायला गेलाय.’’

‘‘कोण?’’

‘‘झाडाचा माणूस.’’

त्यांचे माहेर निफाड तालुक्यातले. थंडीत गव्हाला रात्रीची पाळी आली की वडील कंदील घेऊन शेतात जात, हे त्यांनी मला पूर्वी सांगितले होते. त्या दिवशी त्यांनी वडिलांचे नाव घेतले नाही, पण अंधारातले पाणी, पायाला बोचणारी ढेकळे आणि फडक्यात बांधलेली बाजरीची भाकरी असे सारे बोलून गेल्या. दुसऱ्या दिवशी झाडाचा माणूस बैल शोधायला निघाला, तिसऱ्या दिवशी तो झाडाचा भाऊ झाला. मी दुरुस्ती केली नाही. जे बोलल्या ते त्यांच्याच शब्दांत वहीत लिहिले आणि वाचून दाखवले. तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘कोणी सांगितली गं? चांगली आहे.’’

या वाटेवर इतरही चालले आहेत. अमेरिकेतल्या अ‍ॅन बास्टिंग यांनी १९९० च्या दशकात वृद्धांच्या शुश्रूषागृहात डिमेन्शिया झालेल्यांसमोर मासिकातले एक चित्र ठेवले आणि आठवण विचारण्याऐवजी गोष्ट रचायला सांगितले. त्यातून ‘टाइमस्लिप्स’ ही पद्धत आकाराला आली. आठवण्याचा आग्रह सोडून कल्पनेला वाव द्यावा, हे तिचे सार. यातून आजार बरा होत नाही, हेही स्पष्ट सांगते. सासूबाईंचा आजार पुढे सरकतोच आहे. काही दिवशी त्या चित्र दूर सारतात, तेव्हा मी ते निमूट उचलून ठेवते.

पण एका संध्याकाळी या गोष्टीने मला आणखी काही शिकवले. त्या अस्वस्थ होत्या, शाल काढून त्या छायाचित्रावर घालू पाहत होत्या. ‘‘झाडाला थंडी वाजतेय,’’ असे पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. मी त्यांच्या हातांना स्पर्श केला, तर हात गारठलेले! ‘मला थंडी वाजते’ हे वाक्य त्यांना जुळवता येत नव्हते. झाडाने ते त्यांच्या वतीने सांगितले. मोजे, कानटोपी आणि कोमट दूध दिल्यावर झाडही शांत झाले. त्या दिवसापासून मी प्रत्येक गोष्ट दोनदा ऐकते, एकदा गोष्ट म्हणून आणि एकदा निरोप म्हणून. ‘‘तुम्हाला भूक लागली का?’’ याला त्या कित्येकदा उत्तर देत नाहीत. ‘‘झाडाच्या माणसाला भूक लागली का?’’ याला देतात.

हा निरोप थंडीत विशेष जपून ऐकावा. वय वाढते तशी गारठ्याची जाणीव बोथट होते आणि शरीराची ऊब राखण्याची शक्तीही घटते. वृद्धाचे अंग गार लागले, ते नेहमीपेक्षा सुस्त झाले, बोलणे अडखळू लागले, तर केवळ वय म्हणून सोडून देऊ नये, लगेच डॉक्टरांना गाठावे. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, शिवाय धुक्यात धूर आणि धूळ अडकून राहते. म्हणून रक्तदाब, हृदयविकार किंवा दमा असलेल्या ज्येष्ठांनी धुक्यात बाहेर पडू नये. घाटाच्या दवाने ओल्या पायऱ्याही घसरड्या असतात. छायाचित्र घरातल्या तरुणाने टिपावे, गोष्ट ज्येष्ठांनी सांगावी, ही वाटणी उत्तम.

छायाचित्र टिपणे अवघड नाही. भिंगावर दव साचते, ते आधी मऊ सुती कापडाने पुसावे. चौकटीत एकच वस्तू ठेवावी, ती मधोमध न घेता थोडी बाजूला घ्यावी, म्हणजे उरलेल्या जागेत गोष्ट चालू लागते. धुके टिपताना मोबाइल सारे चित्र करडे करतो, म्हणून पडद्यावर बोट टेकवून उजेड किंचित वाढवावा. झूम करू नये, शक्य तर दोन पावले पुढे जावे. धुके नसेल तर कोवळ्या उन्हातली लांब सावली किंवा पाने गाळलेली काटेसावर पुरते. छपाई वहीच्या पानाएवढी आणि चकाकी नसलेल्या कागदावर करावी, चकाकीने वृद्धांच्या डोळ्यांना त्रास होतो. एका वेळी एकच छायाचित्र दाखवावे, तेही दिवसा, पोट भरलेले असताना. प्रश्न ‘कोण’ आणि ‘कधी’ यांनी सुरू न करता ‘काय चाललंय’, ‘पुढं काय होईल’ असे विचारावेत. मग गप्प राहावे. उत्तराला दोन-तीन मिनिटे लागू शकतात. तो वेळ आपण भरून काढू नये.

आपण स्वतः ज्येष्ठ असाल आणि एकटे राहत असाल, तर फाळक्यांची कुंडी आपल्यासाठीही आहे. एकच खिडकी निवडा, रोज ऊन आल्यावर तिथूनच एक छायाचित्र घ्या आणि त्याखाली एक वाक्य लिहा. महिनाभराने ती तीस पाने दूरच्या लेकीला किंवा नातवाला पाठवा. फोनवर ‘कसे आहात’ला ‘बरा आहे’ एवढेच सांगून आपण मोकळे होतो. त्या तीस वाक्यांत मात्र आपली झोप, आपली भूक, आपला एकटेपणा आणि आपली उमेद हे सारे त्यांना वाचता येईल. संक्रांतीच्या तिळगुळाच्या डब्यात यंदा त्या पानांनाही जागा करा.