राजघाटावरचा ध्रुव आणि शून्य अंश

बुऱ्हाणपूरला आलेल्या पाहुण्यांना आम्ही कुंडी भंडारा दाखवतो, मावा जिलेबी खायला घालतो आणि संध्याकाळी तापीच्या राजघाटावर नेतो. तिथून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तरी सतराव्या शतकात इथलं कापड सुरतेच्या बंदरातून इराण-तुर्कस्तानापर्यंत जायचं. फ्रेंच प्रवासी ताव्हर्नियेने तसं लिहून ठेवलंय. कापड गेलं, माणसं मात्र घाटावरच राहिली.

आमच्या घरातून जहाजावर गेली ती माझी पुतणी. डेक कॅडेट. पूर्वी हे शिक्षण मुंबईत माझगावसमोर नांगरलेल्या 'डफरिन' जहाजावर मिळायचं. 1927 पासून भारतीय मुलं तिथे अधिकारी होण्यासाठी शिकली. फक्त मुलं. आता किनाऱ्यावर वर्षभर अभ्यास आणि मग मालवाहू जहाजावर अठरा महिने प्रत्यक्ष काम, असा डिप्लोमाचा रस्ता मुलींनाही खुला आहे.

काम म्हणजे काय? पहाटे चार ते आठ आणि संध्याकाळी चार ते आठ चीफ ऑफिसरबरोबर ब्रिजवर पहारा. मधल्या वेळात गंज खरवडणं, रंग देणं, टाक्यांतलं पाणी मोजणं आणि रात्री डोळे मिटत असताना ट्रेनिंग रेकॉर्ड बुक भरणं. डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाला आजही सारंग म्हणतात, हे तिने आम्हाला मोठ्या अभिमानाने सांगितलं.

कोळसा भरायला जहाज दक्षिण आफ्रिकेतल्या रिचर्ड्स बेकडे निघालं, तेव्हा विषुववृत्ताची गोष्ट आली. पहिल्यांदा रेषा ओलांडणाऱ्याला समुद्रदेव नेपच्यूनच्या दरबारात उभं करतात. दोराच्या दाढीचा नेपच्यून, खोटे आरोप, तोंडाला फेस, लाकडी वस्तरा, पाण्यात बुचकळी आणि शेवटी प्रमाणपत्र. 1832 मध्ये 'बीगल' जहाजावर तरुण डार्विनही यातून सुटला नव्हता. त्याच्या तोंडाला डांबर आणि रंग फासला होता.

वहिनींनी फोनवर सरळ विचारलं, "हे रॅगिंगच ना गं?"

प्रश्न रास्त होता. काही जहाजांवर या प्रथेच्या नावाखाली माराहाणही झाली आहे. पुतणीने आदल्या दिवशीच कॅप्टनना सांगितलं, केसांना हात लावायचा नाही आणि तोंडाला तेल-ग्रीस नको. त्यांनी लगेच मान्य केलं. मला विचाराल तर, जिथे नाही म्हणता येतं तिथेच ही गंमत आहे. मग तिच्यावर आरोप ठेवला, "नदीकाठची असून समुद्रात घुसखोरी!" शिक्षा म्हणून बादलीभर खारं पाणी. प्रमाणपत्रावर नाव मिळालं, उडता मासा.

तिला स्वतःला मात्र दुसरंच काही जास्त आवडलं. ध्रुवतारा क्षितिजापासून जितका अंश वर, साधारण तितकंच आपलं अक्षांश. बुऱ्हाणपूर एकवीस अंशांवर. हात लांब करून मूठ धरली की सुमारे दहा अंश होतात, म्हणजे आपल्या घाटावरून ध्रुव दोन मुठींच्या जरासा वर. दक्षिणेकडे जाताना ती रोज संधिप्रकाशात सेक्स्टंट लावायची आणि तो रोज खाली सरकायचा. रेषेच्या जवळ तो क्षितिजावरच्या धुरकटात हरवला. (बेसिनमधलं पाणी तिथे उलटं फिरतं म्हणतात, ते खरं नाही. तिने करून पाहिलं.)

"आई, आज ध्रुव दिसला नाही," एवढाच मेसेज त्या रात्री आला. वहिनी दादांना घेऊन गच्चीवर गेल्या आणि मूठ धरून मोजत बसल्या.

अजून अकरा महिने बाकी आहेत. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर वहिनी रोज एक फुली मारतात. त्यानंतर सेकंड मेटची परीक्षा.