तंबुरा, ढोलक आणि मंजिरे

बोरिवलीहून सायंकाळी अवंतिका एक्सप्रेसमध्ये बसलेला प्रवासी दुसऱ्या दिवशी सकाळी उज्जैनच्या फलाटावर उतरतो, आणि उतरणाऱ्यांपैकी बहुतेकांची पावले महाकालेश्वराच्या दिशेने वळतात. आम्हीही चौघेजण प्रथम शहर पाहावयास निघालो. मराठी माणसास या नगरीत परकेपणा वाटू नये असे येथे पुष्कळ आहे. महाकालेश्वराचे आजचे मंदिर अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी पुन्हा उभारले. चौकातील गोपाळमंदिर बायजाबाई शिंद्यांचे. 1810 साली दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरास नेली, तोवर शिंद्यांचा कारभार येथूनच चाले. रामघाटावर बसून आम्ही क्षिप्रेचे पाणी पाहिले. त्या पाण्यात 2014 पासून दूरच्या नर्मदेचे आणलेले पाणीही मिसळलेले असते, हे आमच्या यजमानांनी सांगितले तेव्हा आम्हांस थोडे वाईट वाटले. पण घाटावर डुबकी मारणाऱ्यांच्या तोंडावर त्याची खंत दिसली नाही.

असो. आमचे येण्याचे कारण निराळे होते. आमच्यातील एक गृहस्थ गाणारे आहेत. कुमार गंधर्वांची निर्गुणी भजने त्यांनी तरुणपणापासून ध्वनिमुद्रिकांवर ऐकून घोटलेली. कोठला स्वर कोठे क्षणभर थांबतो हेदेखील त्यांना मुखोद्गत. ही भजने जेथे उगवली ती माती एकदा पाहावी, असा त्यांचा ध्यास होता आणि आम्ही त्यांच्या मागोमाग निघालो होतो.

कुमारजी मूळचे बेळगावकडील. क्षयाने ग्रासल्यावर कोरड्या हवेसाठी 1948 च्या जानेवारीत ते उज्जैनच्या शेजारी देवासला येऊन राहिले. सुमारे पाच वर्षे गाणे बंद. मुंबईच्या रंगमंचावर बालवयातच टाळ्या घेतलेला हा गायक अंथरुणावर पडून काय करीत होता? तो ऐकत होता. बाजाराला जाणाऱ्या बायांची गाणी, सणावारांची गाणी, दारावर येणाऱ्या नाथपंथी जोग्यांची भजने. देवासला शीलनाथ महाराजांची धुनी आहे. तेथल्या परंपरेतील भजनेही त्यांच्या कानी आली. पुढे एका फुप्फुसाच्या बळावर ते गाऊ लागले तेव्हा या लोकधुनांतून त्यांनी नवे राग घडविले आणि त्यांना ‘धुनउगम’ राग म्हटले. 1965 साली त्यांचा ‘अनूपरागविलास’ हा ग्रंथ निघाला. मराठी घराघरांत निर्गुणी भजन पोहोचले ते बहुतांशी या एका माणसाच्या कंठातून. 1992 च्या जानेवारीत ते गेले.

परंतु जे त्यांनी ऐकले ते गाणारे आजही आहेत, ही गोष्ट आपल्याकडे क्वचितच कोणाच्या ध्यानात येते. उज्जैन आणि देवास जिल्ह्यांतील खेड्याखेड्यांत कबीरभजनाच्या मंडळ्या आहेत. गाणारे बहुतेक दलित समाजातले: शेतमजूर, लहान शेतकरी, गवंडी, एखादा शिक्षक. उज्जैन जिल्ह्यातील लुनियाखेडीचे प्रह्लादसिंह टिपानिया हे असेच एक शाळामास्तर. तंबुऱ्याच्या नादाने ओढले जाऊन ते भजनाकडे वळले, देशोदेशी गायले आणि 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. अमेरिकेच्या स्टॅनफर्ड विद्यापीठातील लिंडा हेस या विदुषींनी माळव्यात राहून या गायनपरंपरेवर 2015 साली एक ग्रंथच प्रसिद्ध केला. तथापि ज्यांचे नाव कोठेही छापून आलेले नाही असे भजनिक कितीतरी अधिक, आणि त्यांच्याकडेच यजमान आम्हांस त्या रात्री घेऊन गेले.

गाव तराण्याच्या रस्त्यावर. सोयाबीनच्या काढणीचे दिवस. वाटेत दोन्ही बाजूंस गंज्या रचलेल्या. एका घराच्या ओसरीवर सतरंजी अंथरली होती आणि तिघेजण बसले होते. मंडळी म्हणजे निदान सहासात माणसे असतील अशी आमची कल्पना. बाकीचे मळणीवर गेल्याचे कळले. मधल्या वयस्क गृहस्थांच्या हाती पाच तारांचा तंबुरा. आपल्या बैठकीतील भोपळ्याच्या तंबोऱ्याशी त्याची गल्लत करू नये. हा सडपातळ, लाकडाचा, आणि नुसता सूर धरून ठेवीत नाही, तर ताल देतो. एका हाताची बोटे तारांवर, दुसऱ्या हातात करताल. डावीकडे ढोलकवाला तरुण. उजवीकडे मंजिरे घेतलेला त्यांचा पुतण्या. काकांनी म्हटलेली ओळ तो उचलून धरी. पाठीमागे भिंतीला टेकून घरच्या व शेजारच्या दहाबारा बायामाणसांचा घोळका होता.

दोनतीन भजने झाली. मग आमच्या मित्रांस राहवेना. एकट्यानेच उडून जाणाऱ्या हंसाचे भजन म्हणावे, अशी त्यांनी विनंती केली. काकांनी मान डोलावली आणि सुरुवात केली. शब्द ओळखीचे निघाले, पण चाल भलतीच! जेथे कुमारजी एका अक्षरावर रेंगाळतात तेथे हे ढोलकाच्या ठेक्यावर झपाझप पुढे गेले. एक कडवे तर आम्ही कधी ऐकलेच नव्हते. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी आमच्या मित्रांनी हात वर केला आणि म्हणाले, “काकासाहेब, मूळ चाल अशी नाही.”

ओसरीवर क्षणभर कोणी बोलेना. आम्हांस मेल्याहून मेल्यासारखे झाले. ज्या घरी पाहुणे म्हणून बसलो तेथे यजमानालाच त्याच्या घरचा रस्ता दाखविण्यासारखे ते होते. काका मात्र रागावले नाहीत. त्यांनी तंबुरा मांडीवर आडवा ठेवला आणि आपली चाल ऐकवावी असे मित्रांना सांगितले. मित्र गायले, आणि चांगले गायले. ढोलकवाला थोडा चाचपडला, पण काकांचे डोळे मिटलेले होते. गाणे संपल्यावर त्यांनी मनापासून वाहवा केली. मग हळूच विचारले, “फार गोड आहे, पण यात ही मागची माणसे कोठे गातील?”

उत्तर आमच्यापैकी कोणापाशीच नव्हते.

मग त्यांनी तेच भजन पुन्हा पहिल्यापासून धरले. या वेळी आमचे लक्ष भिंतीकडे होते. प्रत्येक ओळीच्या टोकाला ती दहाबारा माणसे सामील होत होती, आणि चालीतील जी घाई आम्हांस खटकली होती ती त्यांना जागा करून देण्यासाठी होती. कडव्यांच्या मध्ये काका थांबून बोलत. देहाची विहीर एक आणि पाणीही एक, असा अर्थ सांगता सांगता ते गावच्या विहिरीवर आले: वडिलांच्या काळी आमच्या घागरीत दुसऱ्याने वरून पाणी ओतायचे, आम्ही काठाला शिवायचे नाही, आणि भजनासाठी ज्यांच्या घरून बोलावणे येई त्यांच्या ओट्याखाली बसून गायचे. हे सांगताना त्यांच्या आवाजात कडवटपणा नव्हता, पण मंजिरे थांबले होते. आम्ही ज्याला इतकी वर्षे वैराग्याचे गाणे समजून आरामखुर्चीत ऐकले, ते येथे पाण्याच्या हक्काचेही गाणे होते. 1990 च्या दशकात देवासच्या ‘एकलव्य’ संस्थेने भजनिकांच्या रात्र-बैठका भरवून गाण्याबरोबर असाच अर्थविचार चालविला होता.

मध्यरात्री चहा आला. मूळ चाल कोणती, हा वाद आमच्यात दबक्या आवाजात चालूच होता. आम्हांस आयर्लंडच्या फ्रान्सिस ओनील यांची आठवण झाली. हे गृहस्थ शिकागोचे पोलीसप्रमुख. देश सोडून आलेल्या आयरिश वादकांकडून ऐकून त्यांनी 1903 साली 1,850 चालींचा संग्रह छापला. स्वतःला स्वरलिपी लिहिता येत नव्हती, म्हणून जेम्स ओनील यांनी ती लिहून दिली. संग्रहामुळे कितीतरी चाली वाचल्या, हे खरेच. पण छापलेली चाल हीच खरी असे म्हणणारेही त्यातूनच निपजतात, आणि आमचे मित्र त्यांतलेच एक ठरले होते. आपल्याकडील लग्नांत म्हाताऱ्या बाया गाणी म्हणतात तेव्हाही प्रत्येक आळीची चाल निराळी असते. त्यांना कोणी दुरुस्त करावयास गेले तर काय होईल, हे वाचकांस सांगावयास नको.

पहाटे चारच्या सुमारास भजन उठले. मित्रांनी काकांच्या पाया पडून क्षमा मागितली. काकांनी त्यांना ते न ऐकलेले कडवे दोनदा म्हणून दाखविले आणि लिहून घेऊ दिले. आम्ही गावाबाहेर आलो तेव्हा रस्त्याकडेच्या खळ्यावर मळणीयंत्र सुरू झाले होते. भुशाच्या धुरळ्यात, तोंडाला पंचा गुंडाळून, आमच्या आधीच निघालेला ढोलकवाला पेंढ्या आत सारीत होता. त्याने एक हात वर केला आणि पुन्हा कामाला लागला.